मुंबईचा संगीत-नाट्यहंगाम ठरतो कसा?

गणपतींचे विसर्जन झाले की मुंबईच्या वर्तमानपत्रांतील मनोरंजनाचे पान भरू लागते. नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएत, सिंफनी वाद्यवृंदाचे कार्यक्रम, चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये गायन आणि नाटके, दादर, पार्ले, ठाणे, बोरिवलीत नव्या मराठी नाटकांचे शुभारंभाचे प्रयोग, पुढे दिवाळी पहाटेच्या मैफली आणि डिसेंबर-जानेवारीतले शास्त्रीय संगीताचे महोत्सव, असा हा हंगाम फेब्रुवारीपर्यंत चालतो. जाहिराती वाचताना मात्र अनेक प्रश्न पडतात. मराठी नाटकाचे शंभर प्रयोग होतात आणि ऑपेराचे दोन-तीनच का? एका तिकिटाला तीनशे रुपये आणि दुसऱ्याला काही हजार कसे? एका सभागृहात माइक हवाच असतो आणि दुसऱ्यात तो नकोच, असे का? ही कोडी सुटली तर जाहिरातींच्या त्या गर्दीतून आपल्याला हवे ते निवडणे बरेच सोपे होते. माझ्या मते त्यांची उत्तरे कलेच्या थोरवीत फारशी नाहीत. ती सभागृहाची रचना, कलावंतांच्या तारखा आणि पैशाचा हिशेब या तीन गोष्टींत सापडतात.

सिंफनी, ऑपेरा आणि म्युझिकल यांत फरक काय?

सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना असते. सत्तर ते शंभर वादक समोर ठेवलेल्या स्वरलिपीप्रमाणे ती वाजवतात आणि संचालक त्यांची लय व आवाजाचा तोल सांभाळतो. ऑपेरा म्हणजे गाण्यातून सांगितलेले नाटक. त्यात पात्रांचे बोलणेही बहुतेक वेळा गायलेलेच असते. या प्रकाराचा उगम इटलीतील फ्लॉरेन्स शहरात 1600 सालाच्या सुमारास झाला आणि 1637 मध्ये व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले. म्युझिकल हा तिसरा प्रकार फार नंतरचा. त्यात संवाद बोलले जातात, अधूनमधून गाणी येतात आणि प्रत्येक नटाच्या अंगावर माइक असतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर 2023 मध्ये सुरू झाले. तेथे 2025 मध्ये आलेल्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’च्या नावात ऑपेरा असला, तरी तो म्युझिकलच होता. तो पाहून आलेल्या अनेकांना आपण ऑपेरा पाहिला असे वाटते, म्हणून हा फरक स्पष्ट केलेला बरा.

मराठी वाचकाला यातले काहीच सर्वस्वी परके नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढची पन्नासएक वर्षे महाराष्ट्राने रात्र-रात्र जागून गाणारी नाटके पाहिली. भेद आहे तो पदाला मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा. आपल्या संगीत नाटकात पात्र गद्यात बोलते आणि मग पद येते. ‘वन्स मोअर’ मिळाला की गायक-नट तेच पद नव्या ताना घेत पुन्हा रंगवतो आणि कथा तोवर खुशाल थांबते. ऑपेरात ही मोकळीक जवळजवळ नसते, कारण संगीतकाराने प्रत्येक स्वर आणि प्रत्येक वाद्याचा वाटा आधीच लिहून ठेवलेला असतो. एका गायिकेने मनाने चार आवर्तने वाढवली, तर खाली बसलेल्या साठ वादकांचा मेळच मोडेल.

माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो कसा?

या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे आणि तो कळला की सभागृहाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आवाज थांबल्यानंतर तो सभागृहात पूर्ण विरून जायला जो वेळ लागतो, त्याला निनादकाल म्हणतात. सिंफनीला सुमारे दोन सेकंदांचा निनादकाल मानवतो, कारण वाद्यांचे स्वर थोडे एकमेकांत मिसळले तरच तो भरदार नाद तयार होतो. बोलक्या नाटकाला मात्र एक सेकंद किंवा त्याहून कमी हवा, नाहीतर एका शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर चढते आणि संवाद कळेनासा होतो. ऑपेरात शब्दही कळायला हवेत आणि नादही भरायला हवा, म्हणून त्याची गरज या दोहोंच्या मध्ये, सुमारे दीड सेकंदाच्या आसपास असते. सर्व कलांना सारखेच उत्तम ठरेल असे एकच सभागृह बांधता येत नाही, याचे कारण हे आहे. ‘बहुउद्देशीय सभागृह’ अशी पाटी लावलेल्या आपल्या अनेक वास्तूंत यातले काहीच धड ऐकू येत नाही, त्यामागेही हेच आहे.

एनसीपीएची स्थापना 1969 मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने झाली. तेथील टाटा थिएटर 1980 मध्ये उघडले. अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी त्याची रचना केली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहासाठी काम केलेले ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी त्याची ध्वनियोजना पाहिली. प्रेक्षागृह पंख्यासारखे पसरट आहे, त्यामुळे रांगा मागे लांबत न जाता रंगमंचाभोवती पसरतात आणि सतार किंवा तंबोऱ्याचा नाजूक स्वर जवळून ऐकल्यासारखा वाटतो. ऑपेरासाठी तेथे वेगळे सभागृह आहे. 1999 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे अकराशे आसनांच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये रंगमंचासमोर वादकांसाठी खोलगट जागा केलेली आहे. तिला पिट म्हणतात. मध्यंतरात पुढच्या कठड्याशी जाऊन खाली डोकावून पाहावे. अंधारात प्रत्येक स्टँडवर कागदापुरता उजेड पाडणारा लहानसा दिवा असतो, व्हायोलिनवाले एकमेकांच्या कोपराला कोपर लागेल इतके दाटीने बसलेले असतात आणि पितळी वाद्ये शक्य तितकी मागे, मंचाच्या खाली सरकवलेली असतात. वाद्यांचा आवाज आधी खाली अडावा आणि गायकाचा सरळ प्रेक्षकांकडे जावा, यासाठी ही सारी मांडणी.

उरलेले काम गायकाचा गळा करतो. वाद्यवृंदाच्या आवाजाची सर्वाधिक ताकद साधारण 500 हर्ट्झच्या (सेकंदाला 500 कंपनांच्या) आसपास असते आणि त्यापुढे ती झपाट्याने उतरते. ऑपेराचे गायक, विशेषतः पुरुष गायक, वर्षानुवर्षांच्या तालमीने घशाची अशी ठेवण साधतात की त्यांच्या आवाजाला 3000 हर्ट्झच्या आसपास एक जादा धार येते. तेथे वाद्यवृंद दुबळा असतो आणि आपला कान मात्र अतिशय तल्लख. म्हणजे गायक साठ वाद्यांपेक्षा मोठ्याने गात नसतो; वाद्यांनी जी जागा मोकळी सोडलेली असते, नेमका तेथे तो गातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज कृत्रिम वाटतो, हे मला मान्य आहे. परंतु ती धार गर्वाने आलेली नाही, गरजेतून आली आहे, हे लक्षात घेतले की कान लवकर रुळतो.

ऑपेराचे दोनच प्रयोग का?

मराठी व्यावसायिक नाटक हे फिरते असते. पाच-सात पात्रांचा संच, एका ट्रकमध्ये मावणारे नेपथ्य आणि प्रत्येक प्रयोगामागे नटाला मिळणारी ‘नाइट’ असा त्याचा हिशेब असतो. आज शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग, रात्री गडकरी रंगायतनमध्ये दुसरा आणि पुढच्या आठवड्यात नाशिक-पुण्याचा दौरा, हे सहज घडते. एका नाटकाचा पडदा पडल्यावर दोन तासांच्या आत मंचावरचा सगळा दिवाणखाना उतरवून दुसऱ्या नाटकाचे घर उभे करणारे आपले रंगमंच कामगार पाहिले, की या व्यवसायाची चपळाई कळते. नाटक चालले तर प्रयोग वाढतात, न चालले तर थांबते.

ऑपेराचे गणित लग्नासारखे असते. मंगल कार्यालय मिळाले तर गुरुजी मोकळे नाहीत, गुरुजी मिळाले तर आचाऱ्याने दुसरीकडची सुपारी घेतलेली, आणि सगळे जमले तर मुहूर्तच टळलेला. मुख्य गायक, संचालक, दिग्दर्शक, समूहगायक, वाद्यवृंद आणि सभागृह या सर्वांच्या तारखा एकाच पंधरवड्यात जुळाव्या लागतात आणि आघाडीच्या गायकांच्या तारखा दोन-तीन वर्षे आधीच गेलेल्या असतात. मंचावर, मंचाखाली आणि पडद्यामागे मिळून दीडदोनशे माणसे काही दिवसांसाठी जमतात आणि पांगतात. यश मिळाले म्हणून पुढच्या शनिवारी आणखी एक प्रयोग लावता येत नाही. म्हणून आवडीचा ऑपेरा जाहिरातीत दिसला तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून चालत नाही, तर मराठी नाटकाला मात्र बिनधास्त दहावीस प्रयोग झाल्यावर जावे. तोवर ते अधिक बांधीव झालेले असते.

रात्रीचे राग रात्री का ऐकायला मिळत नाहीत?

हिंदुस्थानी संगीताचा हंगाम हिवाळ्यात येतो त्याला निसर्ग कारण आहे. पावसाळी दमट हवेत तबल्याची पुडी सैलावते, तंबोरा लागलेला राहत नाही आणि मैदानावर मांडव घालता येत नाही. पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरातच भरतो. परंतु रात्रभर चालणारी मैफल आता जवळपास संपली, याला निसर्ग नव्हे, नियम कारणीभूत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या, जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. बंद सभागृहांना नियमात मोकळीक असली, तरी तेथे भाडे, कर्मचारी आणि शेवटची लोकल यांचे बंधन असतेच.

परिणाम असा की दरबारी, मालकंस, अडाणा हे उत्तररात्रीचे राग रात्री दहाच्या आत उरकावे लागतात, तर उत्तररात्र सरताना गायचा ललत आणि पहाटेचा भैरव यांच्यासाठी सकाळच्या सत्रांची वेगळी सोय करावी लागते. दिवाळी पहाट इतकी लोकप्रिय झाली त्यात या अडचणीचाही वाटा असावा. नियम योग्यच आहे, आजारी माणसाच्या झोपेपुढे कोणताही राग मोठा नाही. पण आयोजकांनी बंद सभागृहात वर्षातून एखादी तरी पूर्ण रात्रीची मैफल धरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण एका अख्ख्या पिढीने रात्री दोन वाजताचा दरबारी प्रत्यक्ष ऐकलेलाच नाही.

तिकीट महाग का आणि तरीही तोटा का?

विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्ये याचे जे उत्तर दिले, ते आजही लागू पडते. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेच काम कमी माणसांत आणि कमी वेळात होते, त्यामुळे पगार वाढले तरी वस्तू फार महाग होत नाही. बेथोवेनने 1826 मध्ये लिहिलेल्या एका तंतुवाद्य-चौकडीला तेव्हा चार वादक आणि सुमारे चाळीस मिनिटे लागत. आजही चारच वादक आणि तितकीच मिनिटे लागतात, मात्र त्या चौघांना आजच्या महागाईत घर चालवायचे असते. म्हणजे प्रत्यक्ष सादर होणारी कला इतर गोष्टींच्या तुलनेत सतत महागच होत जाते. मराठी रंगभूमीवर दोन-चार पात्रांची नाटके वाढली, त्याच्या मुळाशीही हाच हिशेब आहे.

युरोपात ही तूट बहुतांशी सरकार भरून काढते. जर्मनीतील ऑपेरागृहे सार्वजनिक पैशावरच उभी आहेत. अमेरिकेत देणगीदार भरतात. मुंबईत देणगीदार, सभासद, प्रायोजक आणि सभागृहाचे भाडे यांची मोळी बांधावी लागते. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीही आहे. जीएसटीचा एक बारकावाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे: नाटकाचे तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नसतो. म्हणून पाचशेची रेषा ओलांडताना मराठी निर्माता दोनदा विचार करतो, तर ऑपेरा-सिंफनीची पुढची आसने ती सहज ओलांडतात. मागची आसने मात्र बरीच स्वस्त असतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

मग हा पैसा आपल्याच कलांना का देऊ नये?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावू नये. आपल्याकडे एकच तिजोरी असती आणि तिच्यातून ऑपेराला वा नाटकाला, असे ठरवायचे असते, तर मीही नाटकाच्याच बाजूने बोललो असतो. प्रत्यक्षात पैशाचे झरे वेगळे आहेत. मराठी नाट्यगृहे बहुतांशी महापालिकांची आहेत, राज्य सरकारची नाट्यनिर्मितीला अनुदान देणारी योजना आहे आणि हौशी रंगकर्मींसाठी राज्य नाट्य स्पर्धा कित्येक दशके चालू आहे. ऑपेराचा पैसा मुख्यतः खासगी देणग्यांतून येतो आणि ऑपेरा बंद केल्यास तो आपोआप नाटकाकडे वळेल, असे मानायला आधार नाही. सार्वजनिक पैशाबद्दल कठोर प्रश्न विचारायचाच असेल, तर तो पालिकेच्या नाट्यगृहांची स्वच्छतागृहे, वातानुकूलन आणि दुरुस्तीसाठी लांबणारी कुलुपे यांबद्दल विचारावा.

दुसरा आक्षेप वादकांचा. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद 2006 मध्ये खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी उभा केला. वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, त्याचे हंगाम होतात आणि त्यातले बरेच वादक परदेशातून त्यापुरते येतात. ओबो किंवा बासून ही फुंकून वाजवायची पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि ती वाद्ये शिकवणारे शिक्षक भारतात अगदी थोडे. म्हणूनच या संस्थेने मुलांसाठी स्वतःची अकादमी काढली. तिला मी वाद्यवृंदाइतकेच महत्त्व देतो.

तसे पाहिले तर मुंबईत हे संगीत आगंतुक नाही. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता 1936 मध्ये याच शहरात जन्मले आणि त्यांचे वडील मेहली मेहता यांनी त्याआधीच येथे सिंफनी वाद्यवृंद उभारला होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले शेकडो वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत वाजवू लागले. त्यांच्यापैकीच एक, गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना सादर केल्या. आपल्या कानांना व्हायोलिनचा समूहनाद ओळखीचा वाटतो, तो या गोवेकरांमुळे.

पहिल्यांदा जाताना काय पाहावे?

ऑपेराला जाण्याआधी कथा वाचून जावी. रंगमंचाच्या वर सरकणाऱ्या मजकुरातून, म्हणजे सरटायटलमधून, अर्थ कळत राहतो. ही सोय 1983 मध्ये टोरंटोत सुरू झाली. सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण हा दंडक मोझार्टच्या काळी नव्हता, तेव्हा चुकून वाजलीच तर शरमून जाण्याचे कारण नाही. वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे, कारण उशिरा येणाऱ्याला मध्ये सोडत नाहीत, आणि सुरुवातीचा ‘सा’ लावण्याचा प्रसंगही चुकतो: ओबोवादक एकच स्वर धरतो, आपल्या पेटीवरची पांढरी सहा, आणि सारा वाद्यवृंद त्याला मिळवून घेतो. खर्चाआधी चव घ्यायची असेल तर एनसीपीएत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची चित्रित सादरीकरणे पडद्यावर दाखवतात, तेथून सुरुवात करावी. घरी मोबाइलवर ऐकून मत मात्र बनवू नये, कारण ज्या माइकविरहित आवाजासाठी हा सगळा खटाटोप असतो, तोच तेथे नसतो.

सगळे दक्षिण मुंबईतच का?

रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते झाले. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर तेथे गायले, पुढे ते चित्रपटगृह झाले, 1993 मध्ये बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुन्हा उघडले. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर गिरगावचे साहित्य संघ मंदिर आहे. एके काळी दोन्हींचा प्रेक्षक शेजारीच राहत होता. गिरगावचा मराठी माणूस दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवलीकडे सरकला, तशी नाट्यगृहेही त्याच्यामागे गेली. ऑपेराचे सभागृह असे हलवता येत नाही, कारण तसा पिट आणि तसा निनादकाल उपनगरांत पुन्हा उभारायला फार मोठा खर्च येतो. त्यामुळे कल्याणच्या श्रोत्याला तिकिटाइतकाच परतीच्या गाडीचा हिशेब करावा लागतो. आयोजकांनी जाहिरातीत सुरू होण्याच्या वेळेबरोबर संपण्याची अंदाजे वेळही छापावी आणि लांबलचक ऑपेरा रविवारी दुपारी चारला लावावा. एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी चर्चगेट-सीएसएमटीहून दूर राहणारा मोठा श्रोतृवर्ग या हंगामात येऊ शकेल.